झाडावरचा जावई

लग्नाला सहा वर्षं झाली, तरी लिफ्ट मेकॅनिक जावई आणि त्याच्या सासूबाई यांच्यात जे काही बोलणं झालं होतं ते एका पोस्टकार्डावर सहज मावलं असतं. "बसा." "हो, बसतो." "चहा घेणार?" "कशाला उगाच?" "घ्या हो." "बरं." एवढं झालं की दोघंही दमून जात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसत. भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. उलट एकमेकांचा मान राखण्यात दोघांनीही तसूभर कसर सोडली नव्हती. घोळ तिथेच होता.

या मानापानाला शेवटी कंटाळली ती मधली. म्हणजे एकीची मुलगी आणि दुसऱ्याची बायको. ती इस्पितळात नर्स होती आणि माणसं गप्प बसली की काहीतरी दुखतंय असं समजायची तिला सवय होती. तिने तलावातल्या एका बेटावर तंबू ठोकून दोन दिवस राहायचा बेत ठरवला. बेटावर नुसतं जंगल. टीव्ही नाही, कॅलेंडर नाही.

आईला ती म्हणाली, "यांची फार इच्छा आहे गं, तुला घेऊन जायची."

नवऱ्याला म्हणाली, "आईच्या किती दिवस मनात आहे."

सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती, तीही गादीच्या खुर्चीवर. जमीन ही झाडण्यासाठी असते, झोपण्यासाठी नव्हे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. जावई आठवडाभर लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यांत लोंबकळायचा आणि रविवारी त्याला फक्त पलंग हवा असायचा. पण दोघंही म्हणाले, "वा, छान!"

शनिवारी सकाळी सासू-जावई सामानासकट तलावाच्या धक्क्यावर पोचले. नर्स ड्यूटी संपवून परस्पर येणार होती. ती आली नाही, तिचा फोन आला. वॉर्डातली दुसरी नर्स आजारी पडली होती.

"तुम्ही दोघं पुढे व्हा. मी उद्या सकाळच्या बोटीने आलेच."

जावयाने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच होतं, की समोरच्याने "मग राहू द्या" म्हणावं. पण समोरच्याची एवढी हौस, ती कशी मोडायची?

"जायचं ना?" जावई म्हणाला.

"तुम्ही म्हणाल तसं," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात नावाड्याने इंजिन सुरू केलं आणि विषय संपला. बोटीत एक जण या टोकाला बसला, एक जण त्या टोकाला. नावाडी खूश झाला. म्हणाला, इतकी समतोल बोट त्याने कधी चालवली नव्हती.

बेटावर उतरल्या उतरल्या एक पाटी होती. रानडुकरं रात्री पोहत येतात, खाण्याचं सामान जमिनीवर ठेवू नये, झाडाला उंच टांगावं. जावयाने ती दोनदा वाचली. सासूबाईंनी एकदाच वाचली, पण मोठ्याने.

सासूबाईंचा तंबू उभारायला दोन तास लागले. काम अर्ध्या तासाचं, उरलेला वेळ अदबीचा. "हा खांब जरा डावीकडे घ्याल का, म्हणजे जमलं तर?" "घेते की. तुमची दोरी सैल तर नाही ना, सहज विचारते." दोरी सैल होती. तंबू एका बाजूला झुकला, पण तसं कोणी बोललं नाही. जावयाचा छोटा तंबू शेजारीच होता. तो त्याने एकट्याने, कोणाचाही मान न राखता, दहा मिनिटांत ठोकला.

मग आली खाण्याची पिशवी. त्यात पाव, डझनभर अंडी, कांदे, बिस्किटं असं सगळं होतं. इथे मात्र जावयाच्या अंगात कामाचा माणूस शिरला. वजन वर चढवणं हाच तर त्याचा धंदा. त्याने दोरीला दगड बांधून ती एका जाड फांदीवरून टाकली आणि पिशवी सरसर वर ओढली. पिशवी गेली ती थेट फांदीच्या बेचक्यात जाऊन बसली. मग ओढली तरी वर जाईना, सोडली तरी खाली येईना.

"राहू द्या, बिस्किटांवर भागेल," सासूबाई म्हणाल्या.

"बिस्किटंही त्यातच आहेत, आई."

सासूबाईंनी निदान चहाची किटली तरी बाहेर काढली.

जावयाने कायम सोबत असणाऱ्या कामाच्या पिशवीतून कप्पी काढली, सेफ्टी बेल्ट काढला. कप्पीतून जाड दोरी ओवली, दगडाची युक्ती पुन्हा करून कप्पी शेजारच्या फांदीला चढवली, जाड दोरीचं एक टोक बेल्टला अडकवलं आणि दुसरं हाताने ओढत स्वतःच वर निघाला. पायाखालून जमीन दूर जाऊ लागली तसा त्याचा चेहरा खुलला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला घरच्यासारखं वाटत होतं. पिशवी हाताच्या अंतरावर आली आणि कप्पीतून खट्ट असा आवाज झाला.

दोरी चाकावरून उडाली होती आणि चाकाच्या बाजूच्या फटीत रुतली होती. त्याने हिसका दिला, ती आणखी रुतली. आता पिशवी वर अडकलेली, जावई वर अडकलेला, आणि खाली एकट्या सासूबाई, हातात रिकामी किटली.

पाच मिनिटं तो उगाच इकडेतिकडे बघत राहिला, जणू मुद्दाम थांबलाय.

"अडकलात का?" सासूबाईंनी विचारलं.

"अडकलो असं नाही..."

"मग या खाली."

"थोडा वेळ लागेल."

याच वेळी एक पायडल बोट किनाऱ्याजवळून चालली होती. तिच्यात एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांनी मान वर करून झाडाकडे पाहिलं आणि हात हलवला. जावयानेही हलवला, नाहीतर वाईट दिसलं असतं. आजीबाईंनी फोटो काढला.

"काय करताहेत वर?" आजोबांनी ओरडून विचारलं.

"काही नाही, हवा खाताहेत," सासूबाई म्हणाल्या आणि बोट निघून गेली.

"आई! त्यांना थांबवायचं ना!" जावई कळवळून ओरडला.

"तुम्ही तर म्हणालात, अडकलो नाही!"

"अडकलोय! साफ अडकलोय! पट्टा मांडीत रुततोय, पायाला मुंग्या आल्यात, आणि मुळात मला इथे यायचंच नव्हतं!"

जावयाने जीभ चावली. सासूबाईंनी किटली खाली ठेवली.

"यायचं नव्हतं? मग आलात कशाला?"

"तुमची इच्छा होती म्हणून."

"माझी? अहो, माझी कंबर बघा! मी आले ती तुमच्या हौसेखातर!"

दोघंही क्षणभर गणित करत राहिले. उत्तर एकच येत होतं, आणि ते या वेळी इस्पितळात कोणाला तरी इंजेक्शन देत असावं.

"कार्टी!" सासूबाई म्हणाल्या आणि हसत सुटल्या. इतक्या हसल्या की त्यांना झाडाला धरून उभं राहावं लागलं. जावईही हसला, पण हसला की तो गोल फिरायचा, म्हणून त्याने आवरतं घेतलं.

मग सासूबाईंनी डोळे पुसले, खांदे ताठ केले आणि त्यांच्या तोंडून एक वेगळाच आवाज निघाला. एक्स्चेंजमध्ये या आवाजाने भलेभले साहेब लाइन धरून बसायचे.

"घाबरू नका. हवा येतेय ना?"

"भरपूर."

"मग आता एका वेळी एकच वाक्य. काय हवंय?"

अगदी हेच शब्द जावई लिफ्टमध्ये अडकलेल्यांना म्हणायचा. वर लटकणाऱ्याला ते किती झोंबतात, हे त्याला आज कळलं.

"दुसरी दोरी. फांदीवरून टाकायची."

"पुढे?"

"एक टोक मी घेईन, त्याचा फास करून त्यात पाय ठेवीन. दुसरं टोक तुम्ही बुंध्याला दोन वेढे देऊन घट्ट धरायचं. माझं वजन पायावर गेलं की कप्पीची दोरी सुटेल."

"समजलं. लाइनवर राहा."

तंबूची दोरी सोडून त्यांनी तिला आपली चप्पल बांधली. तंबू जमीनदोस्त झाला, त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पहिली फेक तलावाकडे गेली. दुसरी जावयाच्या कानाखाली बसली.

"लागलं का?"

"नाही... हो! लागलं!"

"असं स्पष्ट बोलत चला."

तिसऱ्या फेकीला चप्पल फांदीवरून पलीकडे गेली आणि नेमकी जावयाच्या हातात आली. सासूबाईंनी बुंध्याला वेढे दिले, पाय मुळांत रोवले आणि दोरी अशी आवळली की त्यांची बोटं पांढरी पडली. जावई फासात उभा राहिला. कप्पी कुरकुरली, दोरी सुटली. त्याच्या जिवात जीव आला. उतरता उतरता त्याने पिशवीलाही एक लाथ हाणली. पिशवी धप्पकन खाली पडली आणि आतून बारा अंड्यांचा एकदमच आवाज आला.

खाली पोचल्यावर त्याला नीट उभं राहता येईना. सासूबाईंनी त्याला दंडाला धरून बसवलं.

"एवढा मोठा बाप्या झालास, दुखतंय म्हणून सांगता येत नाही?"

तोंडून एकेरी निघून गेलं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. जावयाच्या आलं, पण त्याने दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी त्यांनी पिशवीतून जेवढी वाचवता आली तेवढी अंडी कढईत ओतली. टरफलं निवडता निवडता गप्पा निघाल्या. सासूबाईंनी चोरून ऐकलेल्या कॉल्सचे किस्से सांगितले. जावयाने लिफ्टमध्ये अडकून तिथेच लग्न ठरलेल्या जोडप्याची गोष्ट सांगितली. उरलेलं सामान त्यांनी पुन्हा झाडाला टांगलं, पण या वेळी फांदी सासूबाईंनी निवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स बोटीतून उतरली तेव्हा आधी तिच्या कानावर आरडाओरडा आला.

"ओली लाकडं घालू नकोस म्हटलं ना!"

"आई, चूल तुमची की माझी?"

"धूर माझ्या डोळ्यांत जातोय, म्हणून माझी!"

हातातल्या पिशव्या टाकून ती धावत गेली, तर चुलीच्या दोन बाजूंना दोघं काजळलेल्या तोंडाने खदाखदा हसत होते. तिला बघताच दोघंही एका सुरात म्हणाले, "आली बघा!" आणि तिच्या खोटेपणाची अशी काही हजेरी घेतली की तिला हसावं की रडावं कळेना.

"पण जमलं ना?" ती एवढंच पुटपुटली आणि नवऱ्याच्या छोट्या तंबूत शिरली. रात्रभर ड्यूटी झाली होती. तिने जमिनीवर अंग टाकलं, डोळे मिटले. बाहेर सासूबाईंनी नवा किस्सा सुरू केला. जावयाने त्यात तीन प्रश्न विचारले. सासूबाईंनी चौथ्याचंही उत्तर दिलं.

तासाभराने तंबूचा पडदा उघडला आणि विस्कटलेल्या केसांचं एक डोकं बाहेर आलं.

"जरा गप्प बसाल का दोघं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, किटली आणि बिस्किटं उचलली आणि बोलत बोलतच पाण्याच्या काठाकडे निघाले.