कपाटामागची भेग

कपाटातले पेले पुन्हा किणकिणू लागले, तशी सबीना शिवण बाजूला टाकून उठली. खिडकीखाली, बागेच्या कडेला, खोदाईचं यंत्र माती उपसत होतं.

"हलतंय का गं?" पलंगावरून आईने विचारलं.

"नाही आई. यंत्र आहे खाली."

"त्या दिवशीही मला आधी ट्रकच वाटला होता."

कुठल्या दिवशी, हे विचारायची गरज नव्हती. सत्त्याहत्तर सालची ती मार्चमधली संध्याकाळ. सबीना तेव्हा नऊ वर्षांची होती. बाप समोरच्या इमारतीत मित्राकडे फाशांचा डाव टाकायला गेला होता. जमीन हलली आणि समोरची इमारत त्याच्यासकट खाली बसली. यांची मात्र उभी राहिली. पुढे त्या मोकळ्या जागेवर लिंडनची झाडं आली, कम्युनिस्ट राजवट गेल्यावर लाकडी चर्च आलं, मग त्याचं मोठं दगडी चर्च झालं. आता चर्चला मोठं सभागृह आणि घंटेचा मनोरा हवा होता, आणि त्यासाठी उरलेली बाग, थेट सबीनाच्या भिंतीपर्यंत.

आईचा या चर्चवर फार जीव. "तुझ्या बापाच्या डोक्यावर देवानं छप्पर घातलं," असं ती म्हणायची. तिचे पाय गेल्यापासून तिथले फादर वालेरियान दर महिन्याला घरी येऊन तिला प्रसाद देऊन जात.

सबीना बालवाडीत स्वयंपाकीण होती. शंभर पोरांचं सूप रोज ढवळणारे तिचे हात दणकट होते. त्या दुपारी तिने कपाट सरकवलं. मागे ती भेग होती. भूकंपानंतर आईनेच चुना-प्लास्टर भरून वर कपाट लोटलं होतं, आणि घरात त्याबद्दल पुन्हा कधी कुणी बोललं नव्हतं. आता प्लास्टर खाली सांडलं होतं. सबीनाने बोट घातलं. ते आत गेलं, आणि बोटाच्या टोकाला बाहेरचा गार वारा लागला.

त्या दिवसापासून ती बूट पलंगाशी ठेवून झोपू लागली.

इमारतीतल्या लोकांची बैठक जिन्यातच भरली. पुढारी निकिफोरकाका. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली, त्यामुळे बोलणं अजूनही ब्रेक दाबल्यासारखं.

"नगरपालिकेने चर्चला परवानगी दिलीय, पण हरकतींवर सुनावणी आहे. झाडांचं बोला, उन्हाचं बोला, घंटेच्या आवाजाचं बोला. भिंतींचं अवाक्षर नाही."

"पण काका, माझ्या भिंतीला..."

"तुझ्या एकटीच्या? सगळ्यांच्या कपाटामागे काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. दारावर लाल चकती लागली ना, की कुत्रं विचारणार नाही या घरांना. माझी लेक हे घर विकून इटलीत संसार मांडणार आहे. कळलं?"

पुढच्या भूकंपात जी इमारत पडायची, तिच्या दारावर नगरपालिका लाल चकती ठोकते. सबीनाला कळलं. जिन्यात उभ्या सगळ्यांनाच कळलं होतं. कुणी वर पाहिलं नाही.

रविवारी ती चर्चमध्ये गेली, तेव्हा मेणबत्त्या विकणाऱ्या लुक्रेत्सियाने तिला खांबाआड ओढलं.

"अगं, तुझ्या नावाने कुणीतरी मेणबत्ती लावली."

"मग? लावू दे की."

"मेलेल्यांच्या पेटीत लावली गं!"

अंगणात वाळू भरलेल्या दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. एक जिवंतांसाठी, एक मेलेल्यांसाठी.

"कोणी लावली?"

"मला नको विचारूस. तुला निकिफोरबरोबर जिन्यात उभी असताना पाहिलंय बायकांनी. म्हणतात, ही चर्चच्या आडवी येते." लुक्रेत्सियाने आवाज आणखी उतरवला. "तुझी आई पिकलं पान. उद्या फादरना बोलवायची वेळ आली, तर कुठल्या तोंडाने बोलावशील? विचार कर बाई."

सबीनाने दुसरा कसला विचारच केला नाही. आई फादरपुढे पापांचा कबुलीजबाब न देता, हातात पेटती मेणबत्ती नसताना गेली तर? आईला एवढी एकच भीती होती. आणि भिंत आईच्या अंगावर आली तर? भाज्या चिरताना एक भीती, भांडी घासताना दुसरी.

सुनावणीला डावीकडे डोक्याला रुमाल बांधलेल्या चर्चच्या बायका बसल्या होत्या, उजवीकडे इमारतीची माणसं. फादर वालेरियान थकलेल्या आवाजात बोलले. थंडीत म्हाताऱ्या बाहेर बर्फात उभ्या राहून प्रार्थना ऐकतात, एवढंच म्हणाले, आणि ते खरं होतं. मग निकिफोरकाका झाडांवर बोलले, चांगलं बोलले.

"आणखी कुणी?" अधिकाऱ्याने घड्याळाकडे बघत विचारलं.

आपण उभ्या राहिलो आहोत हे सबीनाला इतरांच्या माना वळल्यावर समजलं.

"माझ्या भिंतीला भेग आहे," ती म्हणाली. "भूकंपातली. आम्ही लपवली होती. खोदायला लागल्यापासून ती वाढतेय. माझी आई त्याच भिंतीशी झोपते, तिला उठता येत नाही." तिला धाप लागली. "सगळ्यांची कपाटं हलवून बघा."

पहिली आरोळी उजवीकडून आली. "खोटं बोलतेय ही! डोकं फिरलंय बाईचं!" निकिफोरकाका उठून उभे होते. मग डावीकडून एक बाई शांतपणे म्हणाली, "चर्चला नडलीस. देव बघून घेईल." सबीना मधल्या वाटेने एकटीच बाहेर पडली. मागून कुणी येतंय का, हे बघायचा तिला धीर झाला नाही.

त्याच आठवड्यात आईने खाणं सोडलं. गुरुवारी दुपारी तिचा श्वास घरघरू लागला, तेव्हा सबीना तशीच ओल्या हातांनी फादरच्या दारात गेली. ते जेवत होते. गळ्याशी रुमाल खोचलेला होता.

"फादर, राग असेल तर माझ्यावर काढा. आई..."

"थांब."

ती उंबऱ्यातच थबकली.

"बूट तरी घालू देशील की नाही मला?" ते म्हणाले.

आईचा कबुलीजबाब होईपर्यंत सबीना स्वयंपाकघरात उभी होती. खाली यंत्र चालू होतं. दार उघडलं तेव्हा फादर पलंगाशी नव्हते, कपाटाशी होते. पेले किणकिणत होते.

"सरकव बघू."

दोघांनी मिळून कपाट सरकवलं. फादरनी भेगेवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. भिंत हाताखाली थरथरत होती. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"मला वाटलं, तू त्या लोकांनी शिकवलेलं बोलतेस," ते म्हणाले.

"ते तर मला गप्प बसवत होते, फादर."

त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि ते जिना उतरले. खिडकीतून सबीनाला दिसलं, झगा सावरत ते चिखलातून यंत्राकडे चालले होते, एक हात वर करून. यंत्र बंद झालं.

"थांबलं का गं?" आईने डोळे न उघडता विचारलं.

"थांबलं, आई."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आई गेली. पेटती मेणबत्ती सबीनाने तिच्या मुठीत धरून ठेवली होती.

पुढे नगरपालिकेचे इंजिनिअर आले. मजल्यामजल्यावर कपाटं हलली आणि प्रत्येक कपाटामागे तेच निघालं. सभागृहाची परवानगी रद्द झाली, खड्डा बुजवला गेला आणि इमारतीच्या दारावर लाल चकती लागली. निकिफोरकाकांच्या घराचं ठरलेलं गिऱ्हाईक परत फिरलं. चर्चमध्ये फादरच्या मागेही कुजबुज सुरू झाली, आणि सबीना जाऊन उभी राहिली की आजूबाजूच्या बायका पाऊलभर सरकत. इमारतीत तर तिच्याशी कुणी बोलेना. ती दुसरीकडे राहायला जाणार तरी कुठे? चकतीखालूनच ती रोज कामावर जायची आणि चकतीखालूनच परत यायची.

आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी तिने गहू शिजवले, साखर-अक्रोड घालून आईच्या नावाचा प्रसाद केला. इमारतीच्या अंगणात टेबल मांडून, वाट्या भरून ती बसली. माणसं बाजूने गेली. कुणी जिन्याकडे बघत, कुणी किल्ल्या शोधत. गव्हावरची साखर ओलावू लागली.

मग तिने वाट्या ताटात रचल्या आणि तळमजल्यापासून सुरुवात केली. पहिलं दार उघडलंच नाही, आत रेडिओचा आवाज तेवढा कमी झाला. दुसरं साखळीपुरतं उघडलं आणि एका हाताने वाटी आत ओढून घेतली.

तिसरं दार निकिफोरकाकांचं. ते समोर उभे राहिले, दाढी वाढलेली. लेकीचा फोन हल्ली येत नसे, हे सगळ्या जिन्याला माहीत होतं. ते आता काय बोलतील या धास्तीने तिने नजर ताटातच ठेवली.

"आईच्या नावाने," ती म्हणाली.

मेलेल्याच्या नावाचं अन्न नाकारत नाहीत. काका वाटीकडे बघत राहिले. मग दोन्ही हातांनी त्यांनी ती घेतली.

"देव तिला क्षमा करो," ते रिवाजाप्रमाणे पुटपुटले.

तिला वाटलं, ते आणखी काही बोलतील. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

सबीनाने ताट सावरलं आणि ती पुढच्या मजल्याच्या पायऱ्या चढू लागली.