रॅडिकिओला इंग्रजीत काय म्हणतात?

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले रतन गजभिये वाघोलीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. मुलगी शर्मिला आयटीच्या नोकरीसाठी मिलानला होती. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिच्या ताटात लाल पानं दिसली, की ते विचारत, "या कोबीला इंग्रजीत काय म्हणतात गं?"

"कोबी नाही बाबा, कडू चिकोरी. इंग्रजीतही रॅडिकिओच."

"दीडशे वर्षं राज्य केलं, पण इंग्रजांना एका भाजीला नाव सुचलं नाही!"

ती हसायची आणि मग तिथला बाजार, थंडी, शेजारीण, सगळं सांगत बसायची. नाव त्यांना पहिल्याच रविवारी पाठ झालं होतं.

परवा मात्र ती म्हणाली, "थांबा, मेसेजच करते. म्हणजे परत विचारायला नको."

मेसेज आला, कॉल संपला. गजभियांनी लिहिलं, "आभारी आहे. पण याची भाजी कशी करतात?"

उत्तरादाखल अंगठा आला.