डोळे मिटून मारलेला चेंडू

चष्मेवाल्याचा चेंडू बिघडला होता, आणि ही गोष्ट त्यानं घरात कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर बायको म्हणाली असती, "बिघडला तर बिघडला. चेंडूच आहे ना?" आणि तिचं काही चुकलं नसतं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, सुट्टीच्या सकाळी मैदानावर जाऊन एक पांढरी गोळी लोखंडी काठीनं लांब भिरकावायची, आणि ती वाकडी गेली म्हणून घास गिळवत नाही म्हणायचं, याला काय म्हणावं? रिकामपणाचे उद्योग, दुसरं काय!

पण त्याच्या घाबरण्याला कारण होतं. ते कारण पुढच्याच गल्लीत राहत होतं. त्याचा मोठा भाऊ, दादा.

या घरात गोल्फ आणला तो दादानंच. धाकट्याच्या हातात काठी दिली, पाय कुठे ठेवायचे ते बुटानं ढकलून शिकवलं. दादाचा फटका बघायला नाही, ऐकायला लोक थांबत. चेंडू काठीच्या बरोबर मधोमध लागला की 'टक्' असा कोरडा, छोटासा आवाज होतो आणि हाताला काही लागल्याचं कळतसुद्धा नाही. मग एका वर्षी काय झालं कुणास ठाऊक, दादाची काठी चेंडूच्या मागे जमिनीत घुसायला लागली. नाहीतर चेंडूच्या डोक्यावरून घसरायची आणि चेंडू उंदरासारखा गवतातून पळायचा. सगळ्यांनी थट्टा केली. चष्मेवाल्यानं तर सगळ्यांत जास्त. "दादा, खेळतोयस की विहीर खणतोयस?" असं चारचौघांत विचारलं होतं त्यानं. दादाही हसला होता. पुढे वर्षभरानं दादाच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. डॉक्टरांनी त्याला बोटं उघडायला-मिटायला लावली, दारापर्यंत चालवून परत आणलं आणि कंपवात म्हणून सांगितलं. हाताच्या आधी चेंडूला कळलं होतं, हे तेव्हापासून चष्मेवाल्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

आणि आता त्याची स्वतःची काठी चेंडूच्या मागे घुसत होती. अगदी तशीच.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं झालं. दुकानात काउंटरमागे बसून तो चष्म्याच्या दांडीतला स्क्रू पिळायचा. डोळ्यांत जावा एवढासा तो स्क्रू. आयुष्य गेलं त्यात, पण आता पेचकस हातात घेतला की तो आधी पेचकसाचं टोक बघायचा. हलतंय का? जरा हललं की काय? गिऱ्हाईक समोर उभं, आणि हा आपला टोकाकडे टक लावून बसलेला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "काच तपासतोय." घरी आंघोळीला गेला की हात पुढे करून आरशासमोर उभा राहायचा. एवढा वेळ हात पुढे धरला तर कुणाचाही हात हलेल हो! पण घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार? डॉक्टरकडे जायचं तर त्याचं धाडसच होईना. गेलो तर आजाराचं नाव कळणार, त्यापेक्षा न कळलेलं बरं, हे त्याचं तर्कशास्त्र. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, पण भित्र्याला कशाचाच पुरत नाही.

आणखी एक गोष्ट त्यानं केली, आणि ती त्याला स्वतःलाही आवडली नव्हती. दादाकडे जाणं त्यानं बंद केलं. आधी सुट्टीच्या दिवशी दुपार तिकडेच जायची. आता कधी दुकानात माल मोजायचा असायचा, कधी गुडघा धरलेला असायचा.

"दादांकडे जाऊन या ना," बायको म्हणायची. "वहिनींचा दोनदा फोन आला."

"जातो गं. जाणारच आहे," म्हणायचा आणि वर्तमानपत्र उघडायचा.

शेवटी एका सकाळी त्यानं मैदानावरच्या बाईंना गाठलं. बाई म्हणजे तिथं शिकवणाऱ्या. वयानं त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण तिथं सगळे त्यांना बाईच म्हणत आणि जरा टरकूनच असत. बाईंनी दादालाही खेळताना पाहिलं होतं. सरावाच्या छपराखाली रबरी चटयांची रांग होती, प्रत्येक चटईशेजारी चेंडूंची तारेची टोपली. बाई त्याला तिथून बाहेर, खऱ्या गवतावर घेऊन गेल्या. चटई खोटं बोलते, गवत बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी गवतावर पांढऱ्या भुकटीची एक रेघ मारली आणि रेघेवर चेंडू ठेवला.

"काठी आधी चेंडूला लागली पाहिजे, मग जमिनीला," त्या म्हणाल्या. "म्हणजे गवत निघायचं ते रेघेच्या पुढे. मारा बघू."

त्यानं मारला. रेघेच्या चांगलं वीतभर मागे ढेकूळ उडालं आणि चेंडू चार पावलं जाऊन मुकाट बसला.

"वजन मागच्याच पायावर राहतंय. पुढे आणा."

आणलं. पुन्हा ढेकूळ.

"काठी केवढी आवळलीय! कपडे पिळताय का? सैल धरा."

सैल धरली. चेंडूच्या डोक्यावरून काठी घसरली. बाईंनी चेंडू थोडा मागे ठेवून बघितला, थोडा पुढे ठेवून बघितला, काठी हळू फिरवायला लावली, खांदे आधी वळवायला लावले. एकेक उपाय बरोबर होता, आणि एकही लागू पडत नव्हता. चष्मेवाल्याच्या शर्टाची पाठ भिजली. प्रत्येक फटक्यानंतर तो आपले हात बघत होता, आणि ते बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"साहेब, हाताकडे काय बघताय सारखं? हातात काय ठेवलंय?"

झालं. धरण फुटलं. भर सकाळी, काठीवर रेलून, त्यानं सगळं सांगून टाकलं. दादाचा चेंडू, दादाचा हात, स्वतःचा पेचकस, आरसा. "बाई, माझंही तेच सुरू झालंय," तो म्हणाला.

बाईंनी चेंडू उचलून खिशात टाकला.

"नुसती काठी फिरवा. चेंडू नाही."

त्यानं फिरवली. रेघेच्या पुढे गवताची पातळशी चकती निघाली. पुन्हा फिरवली, पुन्हा पुढेच. बाईंनी चेंडू परत ठेवला, की आलं पुन्हा ढेकूळ रेघेमागे.

"आता काठी चेंडूमागे नीट टेकवा. टेकवली? आता डोळे मिटा आणि मारा."

"बाई, थट्टा नका करू हो. माझा जीव जातोय इथे."

"जीव नंतर द्या. आधी मारा."

आंधळ्यासारखा काय मारणार, असं पुटपुटत त्यानं डोळे मिटले आणि काठी फिरवली.

टक्.

हाताला काही लागल्याचं कळलंच नाही. डोळे उघडले तर चेंडू लांबवर, उंच, सरळ निघाला होता. त्याला वाटलं, लागला वाटतं चुकून. आंधळ्याच्या गाई देव राखतो. पण दुसरा चेंडू तसाच गेला. तिसराही. चौथा जरासा डावीकडे गेला, पण आवाज तोच.

"हाताला काय धाड भरलीय हो तुमच्या?" बाई म्हणाल्या. "हात ठणठणीत आहेत. कंपवात काय डोळे मिटल्यावर पळून जातो? तुम्ही डोळे उघडलेत की बिघडतं सगळं. डोळ्यांत काय आहे ते बघा."

चष्मेवाल्यानं रेघेवरच्या पुढच्या चेंडूकडे खाली पाहिलं. मान न हलवता, नुसते डोळे खाली नेऊन. मग मान किंचित हलवली. चेंडू सरकला. बसल्या जागी, गवतावर, चेंडू सरकला.

"अरे देवा," तो म्हणाला आणि नाकावरचा चष्मा काढून हातात घेतला.

चष्मा नवा होता. त्याच्याच दुकानातला, त्यानंच मापं घेऊन, त्यानंच घासून बसवलेला. वरून लांबचं दिसणारा, खालून जवळचं. खालची काच असते हातभर अंतरावरची अक्षरं वाचायला. तिच्यातून पायांपाशी पडलेला चेंडू बघितला तर तो मोठा दिसतो, आहे त्याहून जवळ दिसतो आणि मानेबरोबर तरंगतो. चेंडू होता एकीकडे आणि हा मारत होता भलतीकडेच. चेंडू बिघडला कधी? हा चष्मा नाकावर चढला त्याच आठवड्यात! आणि असला चष्मा देताना हाच गृहस्थ एकेका गिऱ्हाइकाला बजावत आला होता की जिना उतरताना नुसते डोळे खाली नेऊ नका, मान खाली घाला, नाहीतर पायरी चुकेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"बाई, मी गाढव आहे," त्यानं जाहीर केलं.

कारण ऐकल्यावर बाई इतक्या हसल्या की छपराखालचे लोक मारायचे थांबून बघायला लागले. "चष्मेवाल्यालाच चष्मा लागला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खेळायला लांबचा साधा चष्मा करून घ्या. कुठे चांगला मिळतो ते मी सांगते हवं तर."

चष्मा खिशात टाकून त्यानं उघड्या डोळ्यांनी मारला. चेंडू पिंजलेल्या कापसासारखा अंधुक दिसत होता, पण होता तिथंच दिसत होता. टक्. मग तो सरळ गवतावर बसला. आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदमच करायला लागला. छातीवरचा धोंडा उतरला की माणसाला आपण किती दिवस वाकून चालत होतो ते कळतं. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि बजावलं की मनाची शांती म्हणून डॉक्टरांनाही दाखवा. दोन दिवसांनी तो गेलाही. डॉक्टरांनी त्याला उलटंसुलटं तपासलं आणि पुन्हा उगाच येऊ नका म्हणून घालवून दिलं.

पण त्या सकाळी तो घरी गेलाच नाही. चिखलाच्या बुटांनी तडक दादाच्या दारात उभा राहिला.

"अगंबाई, भाऊजी! वाट चुकलात की काय?" वहिनी म्हणाली. बोलली हसून, पण बोचेल इतपत.

दादा खिडकीजवळच्या खुर्चीत होता. उजवा हात मांडीवर हलत होता, आणि डाव्या हातानं त्यानं तो धरून ठेवला होता. आतापर्यंत तो हात दिसला की चष्मेवाला खिडकीबाहेर बघायचा. आज त्यानं स्टूल ओढलं, समोर बसला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. डोळे मिटून मारलेल्या फटक्यापाशी आल्यावर दादा हसायला लागला. त्याचं हसू आता हळूहळू यायचं, पण आलं की थांबायचं नाही. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या.

"गाढवा," दादा म्हणाला. "स्वतःच्याच... दुकानाचा चष्मा!"

मग तो थांबला. बोलायला त्याला वेळ लागायचा, आणि आज धाकट्यानं मध्ये तोंड घातलं नाही.

"म्हणून येत नव्हतास?"

"हो."

"भीती वाटत होती?"

चष्मेवाल्यानं मान हलवली. लपवण्यात आता अर्थ नव्हता. "तुझ्याकडे बघितलं की मला माझंच पुढचं दिसायचं, दादा. बघवतच नव्हतं. चुकलं माझं."

दादानं लांब श्वास सोडला. इतका लांब की वहिनी स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली.

"हात्तिच्या," दादा म्हणाला. "घाबरला होतास होय! मला वाटलं, कंटाळलास माझा."

"दादा, काहीतरीच काय?"

"रोज वाटायचं. हिला पण... बोललो नाही." त्याचे ओठ थरथरत होते, ते आजारानं की कशानं, सांगता आलं नसतं. "भित्रा भाऊ चालेल मला. कंटाळलेला नको होता."

चष्मेवाल्यानं पुढे होऊन दादाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात हलतच राहिला, आणि त्याच्याबरोबर याचेही दोन्ही हात हलायला लागले. त्यानं ते हलू दिले.