मुठीतली कबुली

कोंडाजीभाऊंच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरं गोठ्याच्या पत्र्यावर, बाया ओसरीत, आणि ज्याच्या हाती मोबाइल तो सगळ्यांच्या पुढे. मधोमध गोरख भगत कपाळभर शेंदूर फासून बसला होता.

"आईच्या दरबारात वकील न्हाई, तारीख न्हाई!" तो गरजला. "पाच जनी, पाच मुठी, येकच राख. चोराची मूठ आई पेटवनार!"

कोंडाजीभाऊंच्या याच लग्नघरातून सोन्याच्या पुतळ्यांची माळ चोरीला गेली होती. त्या दिवशी धान्य निवडायला आलेल्या पाच जणी रांगेत उभ्या होत्या. भगताने एकाच मडक्यातली राख सगळ्यांच्या हातात घातली. चौघी जशाच्या तशा उभ्या राहिल्या. पाचवी, हिरा, आधी कण्हू लागली, मग किंचाळली. "घेतली, मीच घेतली, सोडा!" भगताने लगेच तांब्याभर ताक तिच्या हातावर ओतलं, राख वाहून गेली, आणि अंगण जयजयकाराने दणाणलं.

हा व्हिडिओ वकील यशोधराने वडगावच्या कोर्टाबाहेर तिसऱ्यांदा पाहिला आणि तिसऱ्यांदा तिचं डोकं फिरलं. सरकारी विधी सहाय्यातून हिराचा खटला तिच्याकडे आला होता. माळ सापडली नव्हती, चोरी करताना कुणी पाहिलं नव्हतं. हिराच्या विरोधात होती ती एवढी कबुली, आणि 'तिने ती आपखुशीने दिली' असा पोलीस पाटील महिपतींचा जबाब. कबुली टिकली की हिराला तुरुंग ठरलेला. आपखुशीने! हा शब्द यशोधराच्या घशाखाली उतरेना.

"खरं सांग, घेतलीस?"

"न्हाई ताई."

"मग बोललीस का?"

"भगतानं माजी मूठ दाबून धरलीवती. 'बोल, मंग सोडतो,' म्हनत व्हता. मी काय बी बोलले असते." हिराने डागाळलेला तळवा पुढे केला. "पन येक सांगू? मी सात वर्सं लोनावळ्यात चिक्कीच्या पाकावर काम करते. पाकाचा चटका पडल्या पडल्या बसतो. ही राख आदी गार व्हती. मागनं तापत गेली."

यशोधरा सावध झाली. लहानपणी घराला चुन्याची सफेदी करायच्या आदल्या दिवशी वडील पिंपात चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, टाकायचे. कोरडी असेतो ती थंडगार दगडासारखी, पाणी पडलं की रटरटायची.

"राख द्यायच्या आधी तुला काय करायला लावलं?"

"काय न्हाई. हात धुऊन ये म्हनला."

"बाकीच्या चौघींना?"

"त्यांना कशाला म्हनंल?" हिरा सहज म्हणाली.

यशोधराला पुढे विचारायची गरज नव्हती. ती स्वतः हिरासारखीच बौद्ध घरातली, त्या चौघी कोंडाजीभाऊंच्या भावकीतल्या. व्हिडिओत सगळं दिसत होतं: हिरा हौदावर गेली, ओल्या हातांनी परत आली. शंभर माणसांनी पाहिलं आणि एकालाही ते खटकलं नाही. त्या अंगणात हिराला हात धुऊन ये म्हणणं ही रोजचीच गोष्ट होती, आणि भगताने आपली हातचलाखी नेमकी तिथेच लपवली होती. राखेत चुनकळी असेल तर ती फक्त ओल्या हातातच तापणार, म्हणून यशोधराने जप्त केलेलं मडकं तपासणीला पाठवायची मागणी कोर्टाकडे केली.

कोर्टात तिने आधी महिपतींना विचारलं, "कबुली आधी की किंकाळी आधी?"

"किंकाळी... आदी."

"मूठ कुणाच्या हातात होती?"

"भगताच्या."

मग भगत साक्षीला उभा राहिला. त्याच्या मडक्यातल्या राखेत चुनकळीची भुकटी असल्याचा अहवाल यशोधराने वाचून दाखवला.

"ती आईची शक्ती हाय!"

"असेल. तुम्ही तर चोर नाही ना? हात ओला करा आणि ही राख मुठीत धरा."

भगताने दोन्ही हात पाठीमागे नेले. "आईला आसं पारखत न्हाईत."

"हिराला पारखलंत की!"

न्यायाधीशांनी निकालात लिहिलं: वेदना थांबावी म्हणून काढलेले शब्द स्वेच्छेचे नसतात. ही कबुली पुराव्यातून वगळण्यात येते. दुसरा पुरावा नव्हताच. हिरा निर्दोष सुटली, आणि भगतावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याचे आदेश झाले.

बाहेर कोंडाजीभाऊ आडवे आले. "म्याडम, मंग आमची माळ नेली कुनी?"

"मला माहीत नाही, भाऊ."

"आसं कसं?"

"असंच. पोलिसांना तपास करू द्या, आणि सापडेपर्यंत 'माहीत नाही' म्हणा. तेवढं म्हणवलं नाही, म्हणून तुम्ही भगत बोलावलात. उद्या कुणी पुन्हा चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी एवढंच बघा, की सगळ्यांना त्याने सारखं वागवलं का. जिथे वागवलं नसेल तिथेच खोट असते. हे कळायला वकील लागत नाही, डोळे लागतात."

कोंडाजीभाऊंनी त्या दिवशी पहिल्यांदा हिराच्या तळव्याकडे नीट पाहिलं. तो हात अजून पुरता मिटत नव्हता.