चर्चची किल्ली

रेणू भंडाऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. सुट्टीच्या दिवशी ती सायकलवर गावोगावची जुनी घरं बघत हिंडते. मोहाडीपलीकडच्या एका गावात कोरीव दारांचे फोटो काढता काढता तिला धानाच्या बांध्यांलगत एक कौलारू चर्च दिसलं. तिने मोबाइल वर धरताच मागून कुणीतरी सायकलचं हँडल पकडलं. चर्चच्या शेजारी राहणाऱ्या धुरपताबाई होत्या. चर्चची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

“काहून फोटो काढून राहिली? कोनं धाडलं तुले?”

“कोणी नाही, मावशी. मला जुन्या इमारती आवडतात.”

“मांगं एक साहेबबी असाच बोलला होता. घंटेचा फोटो नेला, अन् मंग घंटाच चोरीले गेली.”

रेणूने वर पाहिलं. घंटेच्या जागी नुसता लोखंडी आकडा होता. तिने बाईंसमोरच सगळे फोटो पुसून टाकले.

थोडा विचार करून धुरपताबाईंनी कुलूप उघडलं. “पाहून घे. पन मोबाइल माह्या हाती राहीन.”

आत सागवानी कमानींवर रंगीत काचांचा उजेड पडला होता. रेणू तो डोळे भरून बघत राहिली, आणि धुरपताबाई दारातून तिच्या हातांकडे.