सोळा गोळ्या आणि सासूबाई

मी एक व्हिडिओ गेम बोलतोय. भीतीचा. माझ्या खोक्यावर दात विचकलेला डायनासोर आहे आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, की कमकुवत मनाच्या माणसांनी मला हात लावू नये. बरीच माणसं ते वाचूनच मला विकत घेतात.

मला घडवायला बारा जणांना तीन वर्षं लागली. त्यातल्या एकाने फक्त माझी डरकाळी केली. लोखंडी कपाट फरशीवरून ओढायचं, तो आवाज पकडायचा आणि खर्जात उतरवायचा, असं त्याचं सहा महिने चाललं होतं. खालच्या मजल्यावरची माणसं वर येऊन त्याला काय काय बोलून गेली, ते मी इथे सांगत नाही. माझ्यात एक बेट आहे, बेटावर बंद पडलेली प्रयोगशाळा आहे आणि तिथे अडकलेली एक वीजदुरुस्तीवाली बाई आहे. तिच्याजवळ एक पिस्तूल आणि सोळा गोळ्या. डायनासोर त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे मारत सुटायची सोय नाही. लपतछपत, जीव वाचवत बाहेर पडायचं.

मला घरी आणलं ते चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका गृहस्थाने. मी त्याला जावईच म्हणतो, कारण त्या दिवसांत घरात त्याची तेवढीच ओळख उरली होती. त्याच्या सासूबाई राहायला आल्या होत्या. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाई. कोट बेतावा तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती. अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटं लुळी पडली. दूरच्या गावी एकट्या राहत होत्या, म्हणून लेकीने त्यांचं काही न ऐकता इकडे आणलं. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट पडली. त्याच खोलीत टीव्ही होता आणि जावयाचा रविवारही.

जावयाचा बेत साधा होता. डायनासोर माणसं फाडताना दिसले, की सासूबाई आपणहून आतल्या खोलीत जातील. त्याने पडदे ओढले, आवाज वाढवला आणि मला सुरू केलं.

पहिल्याच बोळात तो मेला. परत मेला. अकराव्यांदा मेला, तेव्हा मागच्या खाटेवरून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ही बाई प्रत्येक दार उघडं टाकून का जाते?"

बाराव्या खेपेला जावयाने दार लावून घेतलं. डायनासोर पलीकडे धडका देत राहिला आणि जावई पहिल्यांदा बोळाच्या टोकाला पोहोचला. बारा माणसांनी डोकं खाजवून घातलेलं कोडं एका बाईंनी पडल्या पडल्या सोडवलं होतं. मला जरा ओशाळल्यासारखंच झालं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी सासूबाईंना एक स्पंजचा चेंडू दिला होता. रोज शंभर वेळा दाबायचा. सासूबाईंनी तो पायाने खाटेखाली सारला होता. आयुष्यभर कात्री चालवलेला हात, त्याने चेंडू काय दाबायचा, असं त्यांचं म्हणणं. पण एका सकाळी लेक कामावर गेली होती आणि जावई आंघोळीला, तेव्हा त्यांनी माझा रिमोट उचलला. त्याला कंट्रोलर म्हणतात हे त्यांना पटलं नाही, शेवटपर्यंत नाही. उजवा अंगठा डाव्या हाताने धरून बटणावर ठेवावा लागला. बेटावरची बाई बराच वेळ भिंतीवर कपाळ घासत उभी राहिली, मग डायनासोरने तिला खाल्लं. सासूबाईंनी ते नीट पाहून घेतलं.

"खा बाबा," त्या म्हणाल्या. "मी परत येते."

झालं. घाबरवायला जन्माला आलेला मी व्यायामाचं साधन झालो. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून लेकीने कपाळाला हात लावला. व्यायामाच्या ताईंनी मात्र बोटं हलवून बघितली आणि सांगितलं, की कसला खेळ आहे ते मला मुळीच सांगू नका, पण बंद करू नका.

पहिले काही आठवडे रिमोट एक आणि माणसं दोन असा प्रकार होता. डावी बाजू जावयाच्या हातात, उजवी सासूबाईंच्या. चालायचं त्याने, गोळी झाडायची त्यांनी. लग्न झाल्यापासून ज्यांचं बोलणं प्रकृती आणि प्रवास यापलीकडे गेलं नव्हतं, ती दोघं आता डावीकडच्या जिन्यावरून तावातावाने भांडत. पडदे उघडे राहू लागले, कारण सासूबाईंना उजेड हवा. आवाज कमी झाला. सहा महिने कपाट ओढणाऱ्या त्या माणसाने हे पाहिलं असतं, तर नोकरी सोडली असती.

सासूबाईंनी एक ठरवून टाकलं होतं. एकटीच्या अंगठ्याने शेवटच्या दारापर्यंत पोहोचले, की हात सुधारला असं समजायचं आणि आपल्या घरी जायचं. जावयाला हे फारच पसंत पडलं. दुकानातल्या जेवणाच्या सुट्टीत तो कागदावर बेटाचे नकाशे काढायचा.

चौथ्या महिन्यात मात्र त्याचे नकाशे चुकायला लागले. शेवटच्या दाराकडे जायची एक किल्ली सापडत नव्हती. जावई सांगायचा, पश्चिमेच्या गोदामात असेल. तिथून परतल्यावर म्हणायचा, पंपघरात बघू. असे तीन रविवार गेले. खरं म्हणजे किल्ली बॉयलरखाली होती, आणि त्याला ते माहीत होतं. एका सकाळी एकटाच जाऊन तो ती बघून आला होता. मी साक्षीदार आहे.

चौथ्या रविवारी सासूबाईंनी बेटावरच्या बाईला सरळ बॉयलरपाशी नेलं आणि किल्ली उचलली.

"तुम्हाला कधी कळलं?" जावयाने विचारलं.

"पहिल्याच रविवारी. पण तुम्ही इतकं मनापासून चुकवत होतात, म्हटलं चुकवू द्यावं."

मग जावई, माझ्याकडेच बघत, म्हणाला, "इथेच राहा ना, आई."

सासूबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला. त्यांनी त्याला सांगितलं, की काल सुईत दोरा ओवला. नवव्या खेपेला ओवला गेला, पण ओवला. मशीन तिकडे आहे, गिऱ्हाइकं तिकडे आहेत, आणि माणसाला स्वतःची कुरकुर करायला स्वतःचं घर लागतं. जावयाने मान हलवली. त्याचा चष्मा स्वच्छच होता, तरी त्याने तो बराच वेळ पुसला.

सासूबाई शेवटच्या दारापर्यंत आल्या, त्या चौदा गोळ्या शिल्लक ठेवून. माझ्या बारा निर्मात्यांपैकी कोणालाही हे जमलेलं नाही. तिथे त्यांनी खेळ जतन केला आणि रिमोट जावयाच्या हातात दिला. "माझं इथवरच होतं. पुढचं तुम्ही बघा." सोमवारी लेक त्यांना पोहोचवून आली.

याला आता आठ महिने झाले. जावई दर रविवारी मला सुरू करतो, त्या दारासमोर उभा राहतो आणि फोन लावतो. सासूबाई विचारतात, उघडलं का. तो म्हणतो, बघतो, पुढच्या रविवारी. मग दोघं तासभर कोटांच्या अस्तरांवर आणि चष्म्यांच्या काड्यांवर बोलतात, आणि मी बंद होतो.

त्या दारामागे माझा सगळ्यात मोठा डायनासोर उभा आहे. त्याच्या नुसत्या दातांवर दोन माणसं वर्षभर खपली होती. आजवर त्याला या घरात कोणी पाहिलेलं नाही. माझी दुसरी एखादी प्रत तुमच्याकडे असेल, तर एवढी कृपा करा: ते दार उघडा आणि बिचाऱ्याला एकदा तरी कोणाला दचकवू द्या. आमच्याकडे त्याची पाळी येईलसं दिसत नाही.