बेहड्यातली बाळंतीण

तुम्ही फुली मारलीत. चैत्रातल्या कोवळ्या, मधाळ उन्हात रवळनाथाच्या देवराईत शिरलात आणि शेंदराहून भडक अशा तेलरंगानं त्या बेहड्याच्या छातीवर फुली मारलीत. मारताना मान वर केली नाहीत. कुणाला विचारलंत? तुमच्या कागदावर रस्त्याची रेघ सरळ जात होती आणि झाड मधे उभं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

वर बघायला हवं होतंत.

वर, जिथं त्या वृद्ध खोडाला वयाची घडी पडली होती, तिथं एक ढोली होती. ढोलीला मातीचं दार होतं. दाराला बोटभर फट होती. आणि फटीमागच्या उबदार, गर्भगृहासारख्या काळोखात एक ककणेर, धनेशाची मादी, अंडी उबवत बसली होती. काळं-पांढरं, पिवळ्या थोराड चोचीचं पाखरू. विणीच्या दिवसांत ही मादी ढोलीत शिरते, चिखलानं स्वतःला आतून चिणून घेते आणि उडायची पिसं आतच उतरवून ठेवते. स्वेच्छेनं पंगू, स्वेच्छेनं बंदिवान. नर फटीतून फळ देईल ते खायचं. माणूस माणसावर टाकत नाही एवढा विश्वास तिनं टाकला होता. नरावर टाकला होता, झाडावर टाकला होता. आणि झाड उभं राहील म्हणून, बिचारीला ठाऊकही नसताना, तुमच्यावर टाकला होता.

राई हिरव्या अंधाराची होती. वेलींच्या जटा, मुळांचे अजगर, पानापानांतून गळणारं चाळणीतलं ऊन. तिथला वाळका काटकाही कुणी घरी नेत नसे. चूल थंड असली तरी नाही, दारात मढं असलं तरी नाही. आणि गावात कुठंही जुनं झाड उतरवायचं झालं, तर आधी गाऱ्हाणं. गुरवानं नारळ ठेवून देवाला हाक घालायची, जमल्या गावानं एकमुखानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, आणि मगच कुऱ्हाडीनं तोंड उघडायचं. अडाणी रीत म्हणा. हसा खुशाल. पण ह्या अडाणी रीतीनं राईतला झरा वैशाखातही वाहता ठेवला होता, आणि गावातलं एकही छप्पर वाशावाचून अडलं नव्हतं. मागून घ्यावं, पुरेल तेवढं घ्यावं, उरेल ते त्याचं त्याला ठेवावं. एवढंच तर शास्त्र आहे. त्यासाठी थंड हवेच्या सभागृहात जमावं लागत नाही.

ते गाऱ्हाणं घालणारा लवू गुरव. देह वाळल्या वेलासारखा, पण आवाज तांब्याच्या घंटेसारखा. उठला की राईतली पानं कान टवकारत.

मजूर अडून बसले होते. आसपासच्याच गावांतली माणसं ती. गाऱ्हाण्यावाचून राईत हात कोण घालणार? करवती ट्रकातच पडून राहिल्या. म्हणून मुकादम दिगू नारळ घेऊन लवूच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात आला.

“आबानू, एक नारळ आणि दोन शब्द. तुमचां काय जाता?”

“माझां काय जावचां नाय, दिगू. तिचां जाता. बाळंतीण आसा ती. मिरग येवंदे, पिल्लां भायर पडांदेत, मगे मीच घालतंय गाऱ्हाणां.”

ओटीवरून लवूची बायको चंद्रभागा कडाडली, “तुझी बायल बाळंतीण आसताना कोणी खोलयेची भित पाडली, तर चलात काय रे तुका?”

“काकी, माझ्या घराक रस्तोच नाय. भित पाडूक येतलो कोण आणि कसो?”

दिगू हसला. पण खोटं बोलला नव्हता. गेल्या पावसाळ्यात त्याच बायलेला डोलीत घालून चिखलातून दवाखान्यात नेलं होतं. लवूला ते माहीत होतं. त्यालाही रस्ता हवाच होता. फक्त मिरगापर्यंत थांबा, एवढंच त्याचं मागणं. एका पाखराच्या बाळंतपणाएवढी सवड.

मग तुमचे साहेब आले. भला माणूस. “मी स्वतः फोटो काढलेत ह्या पक्ष्याचे, आजोबा. फार देखणा. पण वरून ऑर्डर आहे. आणि एका झाडामागे दहा लावणार आहोत आपण.”

“मगे ती दहा झाडां वाढांदेत,” लवू म्हणाला, “तवसर ह्यां ऱ्हवांदे.”

साहेबांनाही हसू आलं. हसू येऊन काय उपयोग? जीप धूळ उडवत निघून गेली.

त्या दिवसापासून लवूनं ओठ मिटले. मौनाचं कुंपण घातलं त्यानं झाडाभोवती. पहाट फुटे, दवाची राख पानांवरून उडे, आणि नर येई. एकेक उंबर गळ्यातून चोचीच्या टोकाशी आणी, फटीत धरी. आतून दुसरं टोक पुढं येई. लाल फळ काळोखात जाई. रोज. खाली लवू मान मोडेतो बघत बसे. ह्या झाडाला आता फक्त आपली गप्प जीभ राखते आहे, हे त्याला कळत होतं.

मग एके सकाळी, देवळात फुलं वाहताना, त्यानं स्वतःचा आवाज ऐकला.

राईतून येत होता. घंटेसारखा, तांब्याचा, त्याचाच. “बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांनी जां काम हाती घेतलां आसा, तेका येश दे रे म्हाराजा!” आणि त्यामागून सारा गाव, “व्हय म्हाराजा!”

गेल्या कार्तिकातल्या जत्रेतलं गाऱ्हाणं होतं ते. पोरांनी मोबाइलवर घेतलेलं, गावभर पाठवलेलं. दिगूनं ते जीपवरच्या भोंग्याला जोडलं होतं. वहाणा काढून, हात जोडून मजूर उभे होते. डोळे मिटलेले. देवाला विचारून झालं होतं.

लवू धावला. धोतर करवंदीत अडकलं, फाटलं, तो धावला. “आवाज माझो आसा, पण बोलतंय तो मी नाय!” तो ओरडला. पण भोंग्यातला लवू मोठा होता आणि जिवंत लवू धापा टाकत होता. करवतीनं गळा काढला. त्यात दोघेही बुडाले.

बेहडा पडला. सावकाश, आकाशाचा एक तुकडा कवेत घेऊन पडला. पडला तो ढोलीच्या कुशीवर. मातीचं दार खाली, मातीला टेकलं.

लवूनं खोडाला कान लावला. आतून चोच वाजत होती. टक. टक.

“दिगू, जिती आसा रे!”

दिगू पहार घेऊन धावत आला. मजूर आले. साऱ्यांनी मिळून खांदे लावले, पहारी वाकवल्या. खोड तसूभर हललं नाही. “क्रेन उद्या येतली,” दिगू म्हणाला, आणि त्याला लवूकडे बघवेना. करवत पुन्हा चालवावी, तर पातं कुठं शिरेल कोण जाणे. माणसं नुसती उभी राहिली. घाम टिपत, एकमेकांच्या पायांकडे बघत.

टक. मग बराच वेळ काही नाही. मग, टक.

ऊन कलतं झालं. राईच्या छातीला पडलेल्या त्या भोकातून निर्लज्ज, नागवा उजेड आत सांडला. आणि तो आला. पंख पसरून, गळ्यात उंबरं भरून, रोजच्या वाटेनं, रोजच्या उंचीवर. जिथं दार होतं, तिथल्या रिकाम्या हवेसमोर त्यानं चोच पुढं केली. वळला. पुन्हा आला. पुन्हा चोच पुढं केली.

खाली लवू गुरव उभा आहे. आ वासलेला, आवाज नसलेला. त्याला विचारू नका. तुमच्याजवळ नकाशे आहेत, मोजण्या आहेत, शिक्के आहेत. तुम्ही सांगा त्या पाखराला, कुठल्या दारात ठेवायचं त्यानं हे फळ? सांगा. तो अजून हवेत आहे, आणि त्याचे पंख दमत चाललेत.